मास्क आवळू नका, आधी साइज बघा
तुम्ही लिहिलंय की झोपेच्या तपासणीत तुमचा एएचआय ३४ आलाय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. ३०च्या वर तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, धरतात. घशाचे स्नायू सैलावून श्वासाची वाट मिटते. सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवा सोडणारं मशीन, ऑक्सिजन देत नाही बरं का, नुसत्या हवेच्या दाबाने ती उघडी ठेवतं.

माझ्या पहिल्या चार रात्री नाकाच्या कडेने फुस्स करत हवा डोळ्यांत जायची. मी पट्टे आवळत गेलो, गालावर वळ उठले! शेवटी कळलं, मास्कच एक साइज मोठा होता. आडवं होऊन, मशीन चालू ठेवूनच मास्क बसवा. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय करा. ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या मशीनच्या टाकीत) डिस्टिल्ड वॉटरच. आणि रात्रीचा पेग बंद, त्याने घसा आणखी सैलावतो.