डिप्लोमानंतर सोलापुरात वर्षभराची अप्रेंटिसशिप करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळतेय, पण घरचे म्हणतात वर्ष वाया जाईल, सरळ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घे. काय करावं?

मी हेच वर्ष अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात, मेंटेनन्स विभागात काढलं आणि मग डिग्रीला गेलो. माझं उत्तर : करा. फक्त स्टायपेंड किती ते विचारायच्या आधी एक गोष्ट विचारा, तिथे मी कोणाच्या हाताखाली असणार? एखाद्या फिटरचं किंवा जॉबरचं (माग लावणारा, दुरुस्त करणारा कारागीर) नाव सांगितलं तर जा. ‘बघू, जिथे माणूस कमी पडेल तिथे’ असं सांगितलं तर दुसरा कारखाना शोधा. वर्ष वाया जाणं न जाणं माझ्या मते जवळजवळ सगळं इथेच ठरतं.

मला जे जॉबर मिळाले त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. शिक्षण फार नाही, पण लूमच्या, म्हणजे मागाच्या आवाजावरून कुठे बिघडलंय ते शेडच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून सांगायचे. त्यांनी पहिले काही आठवडे मला पान्याला हात लावू दिला नाही. नुसतं उभं राहून टॉवेलवरचे ते मऊ फास, म्हणजे पाइल, कसे तयार होतात ते बघायला सांगितलं.

टेरी लूमवर दोन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेले मोठे रूळ असतात. एका बीमवरचे ताण्याचे, म्हणजे उभे धागे घट्ट ताणलेले, ते कापडाचं अंग धरतात. दुसऱ्यावरचे धागे ढिले सोडलेले, ते पाइलचे. आडवे दोन धागे विणले जातात तेव्हा आडवा धागा पुढे ठोकणारी फणी त्यांना कापडाच्या कडेपर्यंत नेत नाही, थोडं अंतर राखून थांबते. तिसरा धागा आला की तिन्ही एकदम पुढे ठोकते. घट्ट धागे जागचे हलत नाहीत. ढिल्या धाग्यांना मात्र जायला जागा नसते, ते फास होऊन वर येतात. हे एवढंच. कॅम (फिरता फिरता दुसऱ्या भागाला ढकलणारा भाग) आणि लिंकेज (एकमेकांना जोडलेले दांडे) मी कॉलेजात परीक्षेपुरते पाठ केले होते. फणीला दोनदा अर्धवट आणि तिसऱ्यांदा पूर्ण पुढे नेणारी यंत्रणा डोळ्यांसमोर चालताना बघितली, तेव्हा कॅमचा आकार तसाच का असावा लागतो हे पहिल्यांदा कळलं.

एकदा एका लूमवर टॉवेलची एक बाजू पातळ येऊ लागली. मी बीमचा ताण तपासला, तो ठीक होता. अण्णांनी चालत्या कापडावरून तळहात फिरवला, खाली वाकले आणि कापड पुढे ओढणाऱ्या रोलरकडे बोट दाखवलं. टेरीचं पाइल चेपलं जाऊ नये म्हणून या रोलरवर बारीक सुया असतात. त्या एका टोकाला झिजल्या होत्या, कापड तिथे घसरत होतं. ‘कापड काय म्हणतंय ते आधी हाताला विचार, मग मीटरला,’ असं ते म्हणाले. त्या दिवसापासून मी वही ठेवली : लूम नंबर, कशाने थांबला, आधी काय वाटलं, खरं कारण काय निघालं. डिग्रीच्या शेवटी नोकरीच्या मुलाखतींमध्ये मला सगळ्यात जास्त प्रश्न त्या वहीतल्या नोंदींवर आले. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा.

वर्षभर का, दोन महिने का नाही, हाही प्रश्न तुमच्या घरच्यांचा असणार. सोलापूरचा उन्हाळा हे माझं उत्तर. सुती धाग्यात ओल असते तोवर तो मजबूत असतो, कोरडा झाला की ठिसूळ होतो आणि तुटतो. म्हणून विणाईच्या शेडमध्ये हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. पावसाळ्यात हे काम निम्मं निसर्गच करतो. एप्रिल-मे मध्ये बाहेर पारा ४३ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि तोच लूम, तेच सूत, पण धागा सारखा तुटतो. मग ह्युमिडिफिकेशन प्लांटची, म्हणजे शेडच्या हवेत ओल सोडणाऱ्या यंत्रणेची नोझल्स साफ करा, फिल्टरवरचा कापसाचा थर काढा, शेडचं उघडं राहिलेलं दार शोधा. डिप्लोमातल्या सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला मी पावसाळ्यात गेलो होतो, तेव्हा हा प्लांट म्हणजे कोपऱ्यातला मोठा पंखा एवढंच वाटलं होतं. उन्हाळ्यात कळलं की अख्खं उत्पादन त्याच्यावर अवलंबून आहे. साखर कारखान्यात गेलात तरी हेच : गाळप हंगामात मशिनरी धावताना दिसते आणि हंगाम संपल्यावर तीच पूर्ण उघडलेली दिसते. अर्धंच वर्ष राहिलात तर अर्धीच बघाल.

आता न आवडलेलं. मधल्या काळात निर्यातीच्या ऑर्डरची घाई आली आणि आम्हा अप्रेंटिसना पॅकिंगला बसवलं. थोडे दिवस कोणी तक्रार केली नसती. चेकिंगच्या टेबलावरच्या अक्कांकडून मी खूप शिकलोही. कोणता दोष लूमचा, कोणता सुताचा, कोणता धुलाईचा हे त्या एका नजरेत वेगळं करायच्या, आणि मेंटेनन्सवाल्याला ते माहीत असायलाच हवं. पण ऑर्डर गेली तरी आम्हाला परत पाठवायचं नाव कोणी घेईना. हे चूक आहे, आणि मी ते आजही तितक्याच ठामपणे म्हणेन. मुलगा शिकायला आलाय, त्याच्या शिकण्यासाठी सरकार पैसे देतंय, आणि तुम्ही त्याच्याकडून खोकी भरून घेताय. शेवटी आम्ही तिघांनी कराराबरोबर आलेला ट्रेनिंग प्रोग्रॅमचा कागद मॅनेजरसमोर ठेवला आणि कोणत्या महिन्यात कोणता विभाग लिहिलाय ते शांतपणे दाखवलं. पुढच्या आठवड्यात मी परत अण्णांकडे होतो. अण्णांनीही आतून शब्द टाकला होता, हे नंतर कळलं.

म्हणून कायद्यातल्या चार गोष्टी माहीत असू द्या. हे सगळं १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली चालतं. त्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे. आपल्याकडे यंत्रमागावर पीस रेटची पद्धत रुजलेली आहे, पण अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत. ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या (या कायद्याखालचा सरकारी अधिकारी) मंजुरीशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाईचा कायदा तुम्हालाही लागू आहे. २०१९ च्या नियमांनी डिप्लोमावाल्याचा किमान स्टायपेंड ८,००० रुपये ठरवला, ठरलेल्या किमान रकमेपैकी निम्मा वाटा केंद्र सरकारचा. चालू दर सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर बघून घ्या. वर्षअखेरी नोकरी देणं मात्र कारखान्यावर आपोआप बंधनकारक नसतं, तेव्हा कोणी तोंडी ‘पर्मनंट करू’ म्हणालं तर त्यावर घरचं गणित मांडू नका. आणि बाहेरगावाहून येऊन खोली आणि मेस करणार असाल तर या पैशात महिना जेमतेम निघतो, घरी हे आधीच स्पष्ट सांगा.

डिग्रीबद्दल घरच्यांची भीती मला समजते. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश पुढच्या वर्षीही घेता येतो, तो रस्ता बंद होत नाही. बुडतं ते गणित. डिप्लोमावाल्यांना दुसऱ्या वर्षाचं गणित तसंही जड जातं, त्यात वर्षभराची गॅप. मी सुट्टीच्या दिवशी इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स करत राहिलो म्हणून तरलो. बाकी विषयांत तर फायदाच झाला. व्हायब्रेशन शिकवताना सर फळ्यावर काढायचे ते मी शेडच्या जमिनीतून पायाला जाणवलेलं होतं.

टॉवेलचीच जागा घ्यायला हवी असं नाही. चिंचोळी एमआयडीसीत इंजिनिअरिंगचे आणि केमिकलचे कारखाने आहेत, जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. कोणी मित्र आयटीआयचा असेल तर त्याला रेल्वेच्या कुर्डुवाडी वर्कशॉपची जाहिरात बघायला सांगा. पण मशीन कसं चालतं हे उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर लूमइतकं चांगलं मशीन मला दुसरं माहीत नाही. त्यातलं जवळजवळ सगळं बाहेरून दिसतं.

जॉइन व्हायच्या आधी एकदा शेडमधून चक्कर मारू द्या म्हणून विनंती करा. तिथल्या जॉबरला काम कसं चालतं ते विचारा. तो थांबून समजावून सांगतो का, तेवढं बघा. मग करार मागा. काही ठिकाणी नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून साध्या लेटरहेडवर घेतात. त्यावर सरकारचा वाटाही मिळत नाही आणि शेवटी प्रवीणतेचं सर्टिफिकेटही नाही. करार पोर्टलवर नोंदलेला आहे का, त्याचा नंबर कागदावर आहे का, हे तपासा आणि मगच सही करा.