बाडेन-बाडेन: आधी गड, मग गरम पाणी

श्टुटगार्टहून आई-बाबांना घेऊन बाडेन-बाडेनला, म्हणजे जर्मनीतल्या गरम झऱ्यांच्या गावाला, एक दिवस जावं का, आंघोळीपलीकडे तिथे काही आहे का आणि कपडे काढावे लागतात हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी कार्ल्सरूहला राहतो. भारतातून येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना तिकडे नेतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जरूर जा, पण स्नानगृहात शिरायची घाई करू नका. बहुतेक लोक पोचल्या पोचल्या पाण्यात उतरतात. मग अंग इतकं सैल पडतं की डोंगर चढायची इच्छाच राहत नाही आणि गावाची अर्धी गंमत तिथेच हुकते. सकाळी गड, दुपारी गाव, संध्याकाळी पाणी, हा क्रम धरा.

गड म्हणजे होहेनबाडेन. तिथे त्याला 'आल्टेस श्लोस', जुना वाडा, म्हणतात. इथे राज्य करणाऱ्या बाडेन घराण्याचं हे मूळ ठाणं इ.स. 1100 च्या सुमारास बांधलं गेलं. 1479 मध्ये घराणं खाली गावालगतच्या नव्या वाड्यात उतरलं आणि 1599 च्या आगीनंतर वर उरले ते भग्न अवशेष. बाबांनी सह्याद्रीतले गड पाहिलेत म्हणता, तर एवढं सांगून ठेवा की तिथल्यासारखी माची वगैरे इथे शोधू नये. हा राहता राजवाडा होता. छत गेलेल्या उंच भिंती, त्यांत मजल्यामजल्यावरच्या रिकाम्या खिडक्या आणि आतून वर जाणारे दगडी जिने. वरून ऱ्हाइनचं खोरं दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे फ्रान्समधले व्होज डोंगरही. एका दालनात 1999 साली बसवलेली वाऱ्यावर वाजणारी वीणा आहे, तब्बल 120 तारांची. वारा असेल तर तिथे निवांत बसा, आईंना फार आवडेल.

गडामागेच बाटर्टचे कडे आहेत. तिथे प्रस्तरारोहण चालतं, बहिरी ससाणे घरटी करतात, त्यामुळे काही भाग विणीच्या काळात बंद असतो. कड्यांखालची पायवाट जुन्या झाडीतून जाते. जमेल तेवढी चाला, तिथूनच परत फिरलात तरी चालेल.

गावातून गडावर चालत जायचं तर तासभर सलग चढ आहे. आईंचे गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा, गाडी पार वरपर्यंत जाते. तेही नको असेल तर मेर्कुर डोंगर, 668 मीटर. त्यावर 1913 पासूनची दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे आहे. नजारा छानच, पण गडाची सर त्याला नाही, हे माझं स्पष्ट मत.

दुपारी ओस नदीकाठच्या लिष्टेनटालर आले या झाडीच्या रस्त्याने सावकाश चाला. टोकाला 1245 साली स्थापन झालेला ख्रिस्ती जोगिणींचा मठ आहे आणि आजही तो नांदता आहे. सकाळी ज्यांचा वाडा पाहिलात त्या घराण्यातले कित्येक जण तिथल्या चॅपलमध्ये पुरलेले आहेत, म्हणून हे दोन्ही एकाच दिवशी पाहावं.

आता पाण्याचं. फ्लोरेंटिनर टेकडीतून येणारे झरे 68 अंशांपर्यंत गरम असतात. खोल मुरलेलं पाणी तापून खडकांतल्या भेगांवाटे वर येतं. रोमनांनीही इथे स्नानगृहं बांधली होती, त्यांचे अवशेष फ्रीडरिशबाड या स्नानगृहाखाली आहेत. 1877 चं हे फ्रीडरिशबाड वास्तू म्हणून अप्रतिम, पण तिथे कपडे चालतच नाहीत, आणि स्त्री-पुरुष एकत्र असण्याचे दिवसही असतात. आई-बाबांसोबत तिकडे नको. शेजारच्या काराकाला थेर्मे या दुसऱ्या स्नानगृहात पोहण्याचे कपडे घालूनच कुंडांत उतरायचं असतं. फक्त वरच्या मजल्यावरचा सॉना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, विनाकपड्यांचा, तिकडे फिरकायचं कारणच नाही. तिकीट तासांच्या हिशेबात असतं. दोन तास भरपूर होतात. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि त्यांना मधूनमधून बाहेर काढून बसवा.

स्टेशन गावापासून काही किलोमीटर दूर, ओस भागात आहे. बाहेरूनच 201 नंबरची बस मिळते. टॉवेल आणि रबरी चपला घरून न्या. दशम्या-चटणीही बांधून घ्या, शाकाहारी माणसाला गडावर बसून खायला त्याहून बरं काही मिळणार नाही.