केमो चालू असताना जिभेवर पांढरा थर येतो, तो बुरशीचा आहे हे कसं ओळखायचं?

वडिलांची केमोथेरपी चालू आहे आणि जिभेवरचा थर रोज घासूनही परत येतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी ते घासणं थांबवा. प्लेटलेट्स कमी असतील तर तिथून रक्त येत राहतं, आणि सोललेल्या जागेतून जंतू शिरतात.

ओल्या गॉझने एकदाच हलकं पुसून पाहा. दह्याच्या कवड्यांसारखे ठिपके निघाले आणि खाली लालभडक जागा दिसली, तर बहुधा कँडिडा, म्हणजे तोंडात होणारी बुरशी. गालांच्या आत आणि टाळूवरही बघा; साधा थर जिभेच्या पाठीवरच असतो. पुसून अजिबात न निघणारा पांढरा चट्टा मात्र डॉक्टरांना दाखवाच, कधी त्याचा तुकडा तपासावा लागतो.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत हमखास नजरेतून सुटतो तो या बुरशीचा लाल प्रकार. पांढरं काहीच नसतं. जीभ मधोमध गुळगुळीत होते, टाळू लाल दिसतो, तिखट लागताच आग होते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. तोंड आलंय समजून लोक बी-कॉम्प्लेक्स घेत बसतात आणि आठवडे जातात.

गिळताना छातीच्या मधोमध दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता आहे. तिथे तोंडात लावायचं औषध पुरत नाही; फ्लुकोनॅझोलसारखं पोटातून किंवा शिरेतून द्यायचं औषध साधारण 14 ते 21 दिवस लागतं. आणि ताप 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून वर गेला, तर सकाळची वाट न पाहता कॅन्सर विभागाला कळवा.

सौम्य त्रासात निस्टॅटिनचं द्रावण किंवा क्लोट्रिमॅझोलच्या चघळायच्या गोळ्या 7 ते 14 दिवस देतात. निस्टॅटिन तोंडात जितका वेळ खेळवता येईल तितका वेळ खेळवायचं, नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशक माउथवॉश) गुळण्या करत असाल तर दोन्हींत निदान अर्धा तास ठेवा, नाहीतर एकमेकांचा असर मारतात. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, जंतुनाशकात भिजवा; नाहीतर तीच बुरशी पुन्हा टाळूवर येते. फ्लुकोनॅझोल सुरू करण्याआधी वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं), टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं) अशी चालू औषधं डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांची रक्तातली पातळी किंवा परिणाम वाढतो.

नुसता कल्चर (तोंडातला नमुना घेऊन बुरशी वाढवून बघायची तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून औषध लागतंच असं नाही, कारण कँडिडा कित्येक निरोगी तोंडांत असतेच. कल्चरचा खरा उपयोग औषध पूर्ण घेऊनही फरक पडत नाही तेव्हा: कँडिडाच्या क्रुसेई जातीवर फ्लुकोनॅझोल चालत नाही, ग्लॅब्राटा जातीवर अनेकदा कमी चालतं, आणि मग औषधच बदलावं लागतं.