इंदुरातून युरोपात विकायचंय? मग हे आधी वाच

अरे, ऑफिस राजवाड्याजवळ आहे म्हणून जीडीपीआर, म्हणजे युरोपियन युनियनचा लोकांच्या वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा, आपल्याला लागत नाही हे डोक्यातून काढ. कलम 3 बघ, माणूस युरोपियन युनियनमध्ये आहे आणि तू त्याला माल विकतोयस किंवा ऑनलाइन त्याच्यावर नजर ठेवतोयस, की झालं, लागू. म्युनिकमधून कोणी सहज तुझी साइट उघडली तर तेवढ्याने काही होत नाही, पण माहेश्वरी साड्यांचे भाव युरोत टाकलेस, जर्मन भाषेत पान केलंस, तर मग मला काय माहीत म्हणून चालत नाही. पासपोर्टचा संबंध नाही हं, बर्लिनला राहणारी आपली मराठी पोरगी पण त्यात आली.

दंड 2 कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या 4 टक्क्यांपर्यंत, जे जास्त ते, पण ही वरची मर्यादा, लगेच घाबरू नको. आधी फॉर्ममधून जन्मतारीख वगैरे नको ते उडव, आणि डेटा फुटला तर कळल्यापासून 72 तासांत तिथल्या अथॉरिटीला सांगावं लागतं म्हणून ते कोण करणार हे आजच ठरव. आपला भारताचा 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही असाच बाहेर हात घालतो, परदेशी कंपनी इथल्या लोकांना सेवा देत असेल तर तिलाही धरतो. आणि प्रायव्हसी पॉलिसी कॉपी-पेस्ट करू नकोस बाबा, लोक त्यात दुसऱ्याच दुकानाचं नाव तसंच ठेवतात.