पंप लावला की मोजणं सुटतं का?

प्रश्न: माझी मुलगी 11 वर्षांची आहे, तिला टाइप वन मधुमेह आहे. डॉक्टर आपोआप इन्सुलिन देणारा पंप सुचवतात. मग टोचणं, मोजणं सगळं संपेल ना?
– एक आई, कोपरी, ठाणे

उत्तर: ताई, संपत नाही, कमी होतं. मी नेरुळची, तीन वर्षं असाच पंप कमरेला आहे. सेन्सर त्वचेखालची साखर दर 5 मिनिटांनी कळवतो, त्यावरून पंप इन्सुलिन वाढवतो, घटवतो, थांबवतो. रात्री दोनच्या गजराला उठून बोट टोचणं सुटलं, मला तेवढ्यासाठीच तो हवा होता.

पण ताटात काय आहे ते त्याला दिसत नाही. मिसळ समोर आली की पावाच्या कर्बोदकांचे ग्रॅम मलाच आधी भरावे लागतात. वरच्या तर्रीमुळे साखर उशिरा चढते, तो हिशेब आणखी वेगळा.

गेल्या पावसाळ्यात ठाणे लोकलच्या रेटारेटीत पोटावरचा सेट, म्हणजे पंपातलं इन्सुलिन त्वचेखाली पोचवणारी नळी, उपटला. मला पत्ताच नाही! ऑफिसात दोन तासांनी साखर 310. पंपात फक्त झटपट काम करणारं आणि लवकर ओसरणारं इन्सुलिन असतं, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांतच कीटोन (इन्सुलिन नसताना रक्तात साचणारी घातक आम्लं) वाढू लागतात. तेव्हापासून पर्समध्ये इन्सुलिनचं पेन, सुया, जादा सेट असतोच. तसाच एक डबा मुलीच्या वर्गशिक्षिकांकडे ठेवा.

सेट बहुधा 2-3 दिवसांनी बदलावा लागतो. म्हणून पंपाच्या किमतीआधी सेट आणि सेन्सरचा महिन्याचा खर्च विचारा.