मीठ-साखरेच्या पाण्यातली साखर

प्रश्न : बाई, नातवाला जुलाब झाले की मी मीठ-साखरेचं पाणी करते. सून म्हणते, साखर नुसती चवीला, नसली तरी चालेल. खरं का? शिवाय काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं. मग पोटात तेच मीठ पाणी धरून कसं ठेवतं?
— एक आजी, मिरज

उत्तर : आजी, साखर वगळू नका. पाणी आत शिरतं ते तिच्यामुळेच.

आधी काकडी. वर्गात मीही काकडीच न्यायचे. चकत्यांवर मीठ भुरभुरलं की दहा मिनिटांत ताटलीत पाणी. पेशीभोवतीच्या पटलातून पाणी जातं, मीठ सहज जात नाही; म्हणून जिकडे क्षार जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. हे पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. आतून तेलकट, त्यामुळे मीठ-साखरेला तिथे प्रथिनांची दारं लागतात.

लहान आतड्यातलं असं एक दार मला फार मोलाचं वाटतं. ग्लुकोजचा एक रेणू आणि मिठातल्या सोडियमचे दोन कण जोडीनं आले, तरच ते त्यांना आत घेतं. मागोमाग पाणी जातं. (आपली साखर आतड्यात फुटते, तिच्यातून ग्लुकोज मिळतं.) जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली हे मांडलं. पटकीत (कॉलऱ्यात)सुद्धा हे दार चालू राहतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले.

माप मात्र चुकवू नका : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ओआरएसची पुडी मिळाली तर तीच उत्तम. माझी लेक लहान असताना, तिनं प्यावं म्हणून मी मूठभर साखर घातली होती. जुलाब वाढले, दुपारपर्यंत पोर पार गळून गेली. आतड्यात साखर फार झाली की काकडीसारखंच होतं, अंगातलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आणि नातू सुस्त पडला, डोळे खोल गेले किंवा सहा-सात तास लघवी झाली नाही, तर घोट-घोट पाणी पाजत तडक दवाखाना गाठा.