काळवंडलेली चांदी घरच्या घरी कशी उजळावी?

प्रश्न : आमच्याकडे चांदीचे दोन पेले, एक नक्षीदार तबक आणि काही दागिने आहेत. कित्येक महिने कपाटात पडून राहिल्याने ते काळे पडले आहेत. कोणी टूथपेस्टने घासायला सांगते, कोणी लिंबू-मीठ लावायला, तर कोणी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा उपाय सुचवते. यांतला सुरक्षित उपाय कोणता? आणि घासल्याने चांदी झिजते का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. होय, झिजते. चांदीवरचा काळा थर म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. हवेत अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते. ते आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळे दिसते. त्या थरात चांदी तुमच्याच वस्तूची असते, म्हणून तो घासून काढला की तेवढी चांदी फडक्यावर जाते. एका खेपेला हे जाणवत नाही, पण वर्षानुवर्षे घासलेल्या भांड्यांवरची बारीक नक्षी पुसट होते ती यामुळेच.

टूथपेस्ट दातांच्या कठीण आवरणासाठी बनवलेली असते आणि चांदी त्या आवरणापेक्षा पुष्कळच मऊ. पेस्टमधल्या कणांनी तिच्यावर बारीक ओरखडे उठतात आणि सुरुवातीची चमक ओसरल्यावर ते उजेडात स्पष्ट दिसतात. लिंबू-मीठही मी सुचवणार नाही. दागिन्यांच्या ९२५ चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले बहुधा तांबे असते. आम्लाचा परिणाम या तांब्यावर होतो, आणि मीठ वस्तूवर राहून गेले तर पृष्ठभागावर खड्डे पडू शकतात.

फॉइलचा उपाय मात्र शास्त्राला धरून आहे. काचेच्या किंवा स्टीलच्या खोलगट भांड्यात तळाशी फॉइल अंथरावी. तिची चकचकीत बाजू वर हवी की खाली, याने काही फरक पडत नाही. वस्तू आधी साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढावा आणि मग फॉइलवर अशा ठेवाव्यात की प्रत्येक वस्तू फॉइलला टेकलेली राहील. हा स्पर्श नसेल तर बाकी सारे करूनही फारसा उपयोग होत नाही. एक लिटर अगदी गरम पाण्याला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घ्यावा आणि तो पाण्यात थोडा थोडा टाकावा, कारण एकदम टाकल्यास फेस उसळून वर येतो. वस्तू बुडतील इतके हे पाणी ओतावे. अ‍ॅल्युमिनियम चांदीपेक्षा अधिक क्रियाशील असल्याने गंधक चांदीला सोडून जातो आणि चांदी पुन्हा धातुरूपात येते. सोड्याचे काम अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा दूर करून ही क्रिया चालू ठेवण्याचे. या वेळी सडक्या अंड्यासारखा वास येतो. घाबरू नका, पण खिडकी उघडी ठेवा. हलका काळेपणा दोन-चार मिनिटांत जातो. थर जाड असेल तर पाणी आणि फॉइल बदलून पुन्हा करावे. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. चांदी जरा पांढुरकी, निस्तेज वाटली तर मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसली की तेज येते.

तुमच्या तबकाबाबत मात्र थांबून विचार करा. नक्षीच्या खाचांतला काळेपणा पुष्कळदा कारागिराने मुद्दाम ठेवलेला असतो आणि हा उपाय तोही धुऊन नेतो. मोती, ओपल, फिरोजा किंवा चिकटवलेले खडे असलेले दागिनेही गरम सोड्याच्या पाण्यात बुडवू नयेत. अशा वस्तूंसाठी कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड एवढेच पुरे. मोत्यांना तर ओलसर कापडच बरे.

प्रश्न : चांदीचा एक चमचा घासता घासता काही ठिकाणी तांबूस-पिवळा दिसू लागला आहे. हा डाग कसा काढावा?

उत्तर : तो डाग नसावा. चमचा बहुधा चांदीचे पाणी दिलेला आहे आणि तेथे मुलामा जाऊन आतले तांबे किंवा पितळ उघडे पडले आहे. आता घासणे थांबवावे. तो पूर्ववत करायचा असेल तर पुन्हा मुलामा चढवून घेण्यावाचून पर्याय नाही.

प्रश्न : साफ केलेली चांदी पुन्हा लवकर काळी पडू नये म्हणून ती कशी ठेवावी?

उत्तर : पूर्ण कोरडी करून, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, हवाबंद पिशवीत ठेवावी; सोबत सिलिका जेलची पुडी असल्यास दमटपणा कमी राहतो. लोकर आणि रबर यांत गंधक असतो, म्हणून चमच्यांच्या जुडीला रबरबँड कधीही लावू नये. तो जिथे टेकतो तिथे काळी रेघ उमटते आणि ती सहजी जात नाही. पेले मात्र कपाटात ठेवण्यापेक्षा वापरात ठेवा. रोज धुऊन पुसली जाणारी चांदी फारशी काळवंडत नाही. फक्त अंडे किंवा कांदा लागलेले भांडे तसेच पडू देऊ नका, कारण या दोहोंतही गंधकाची संयुगे असतात.